सुमेधाच्या नावचं पान

१९५८ सालच्या भाद्रपदात, वद्य नवमीला, ठाण्यात नौपाड्यातल्या गोगट्यांच्या स्वयंपाकघरात चित्राला तिची आई कोण ते कळलं. चित्रा तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिची आई जाऊन चार वर्षं उलटली होती. ती तिला कधी कळणार की नाही, हा प्रश्न तोवर मला दर नवमीला पडत असे. त्या दिवशी मी पानावर बसले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच घडलं.

तिची आई म्हणजे सुमेधा बर्वे, माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही दोघी डोंबिवलीच्या. त्या वेळची डोंबिवली म्हणजे स्टेशन, थोड्या आळ्या आणि बाकी सगळी भातखाचरं. संध्याकाळी घराघरांत कंदिलाच्या काचा पुसायचं काम मुलींकडे असे. सुमेधाचे आईवडील ती लहान असतानाच गेले. हरिहरकाका म्हणून तिचे काका होते, एकटेच, पोस्टात नोकरीला. त्यांनी तिला वाढवलं आणि लोक नाही म्हणत असताना कॉलेजातही घातलं. १९४६ साली आम्ही दोघी माटुंग्याच्या कॉलेजात जाऊ लागलो.

सुमेधा डावखुरी होती. जेवायची उजव्या हाताने, पण लिहायची डाव्याने. आम्ही एका बाकावर बसायचो तेव्हा तिचं कोपर माझ्या कोपराला लागायचं, म्हणून ती नेहमी डावं टोक धरायची. शाईवर हात फिरू नये म्हणून वही जवळजवळ आडवी ठेवून ती वरून खाली लिही. इंग्रजीचे प्राध्यापक एकदा तिच्याजवळ येऊन थांबले आणि म्हणाले, "मिस बर्वे, तुम्ही लिहिताय की रांगोळी घालताय?"

"लिहितेय सर. रांगोळी मला येत नाही," ती म्हणाली. वर्गातली मुलं बाकं वाजवून हसली, प्राध्यापकही हसले.

इंटरला मला तर्कशास्त्र अजिबात कळेना. तिने ते मला आमच्या ओटीवर बसून शिकवलं. तिची उदाहरणं पुस्तकात नसायची. "सगळे काका घोरतात. हरिहर हे काका आहेत. म्हणून?" मी म्हणायची, "म्हणून हरिहर घोरतात." "शाबास. आता उलट बघ. हरिहर घोरतात, म्हणून घोरणारे सगळे काका का?" आतून माझी आई ओरडायची, "अगं, मोठ्या माणसांची नावं काय घेताय!" मी पास झाले. अजूनही कोणी वाद घालू लागलं की मला आधी हरिहरकाकांचं घोरणं आठवतं.

१९५० साली आम्ही बी. ए. झालो. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठाण्याच्या श्रीपाद गोगट्यांशी झालं. ते मुंबईत एका विमा कंपनीत होते. शांत माणूस, इतका की समोर बसला आहे हे विसरायला होई. घरात त्यांची आई, गोदूताई. त्यांना सगळे माई म्हणत. वर्षभराने माझं लग्न होऊन मी कल्याणला पारनाक्यावर आले. माझे यजमान त्र्यंबक साने नगरपालिकेत होते.

तेव्हा गोगट्यांचं बिऱ्हाड तलावपाळीजवळ होतं. मी ठाण्याला गेले की आम्ही दोघी तलावाच्या कठड्यावर बसत असू. तिथेच तिने मला कारल्याची गोष्ट सांगितली. सासरच्या पहिल्या जेवणात पानात कारल्याची भाजी होती. तिला कारलं लहानपणापासून नको असायचं. आधी ते संपवावं आणि मग बाकीचं सुखाने जेवावं असा तिने विचार केला. माईंनी पाहिलं ते एवढंच, की नव्या सुनेने पहिलं कारलं संपवलं.

"लगेच आणखी वाढलं गं," सुमेधा सांगत होती. "आणि आता दर आठवड्याला असतं."

"मग सांग ना त्यांना."

"कशी सांगू? शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगत होत्या, 'आमची सून कारलं खाते, आजकालच्या मुली नुसत्या नाकं मुरडतात.' आता मी नाक मुरडलं तर त्या तोंडघशी पडतील."

ती खातच राहिली. माई तिच्यावर खरोखर माया करत. डाव्या हाताने वाढू नको, डाव्या हाताने दिवा लावू नको, असं सारखं बजावत. पण करत मायाच. सुमेधा स्वयंपाकघरात सगळं उजव्या हाताने करायला शिकली. १९५२ साली चित्रा झाली. १९५४ च्या मार्चमध्ये सुमेधाला विषमज्वर झाला आणि त्यातून ती उठली नाही. मी पोचले तेव्हा तिला नेलं होतं.

पुढे जे झालं ते त्या काळी बहुतेक घरांत होई. पदरात दोन वर्षांची मुलगी, घरात म्हातारी आई. १९५५ च्या मे महिन्यात श्रीपादरावांचं दुसरं लग्न झालं. मुलगी चिपळूणकडची, शीला नावाची. माईंनी त्याआधीच तलावपाळीचं बिऱ्हाड सोडलं आणि नौपाड्यात तीन खोल्या घेतल्या. नव्या शेजाऱ्यांना सुमेधा ठाऊकच नव्हती. हरिहरकाकांची बदली नागपूरला झाली होती, त्यामुळे माहेरचंही कोणी येण्याजाण्यात राहिलं नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात श्रीपादराव आमच्याकडे कल्याणला आले. चहा घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मंदाताई, नवमीला याल का जेवायला? सुमेधाच्या नावाने."

नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी जी बाई जाते तिचं श्राद्ध अविधवा नवमीला असतं. त्या दिवशी तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवायला बसवतात, तिची ओटी भरतात. नात्यातल्या बायकांनी काही ना काही कारण काढलं होतं. पंचविशीतल्या बाईच्या जागी बसायला मन धजत नाही, हे खरं कारण. माझ्या सासूबाईंनीही आतून ऐकलं होतंच. श्रीपादराव जिना उतरतात न उतरतात तोच त्या म्हणाल्या, "मुळीच जायचं नाही. दुसऱ्याच्या गेलेल्या सुनेचं पान आपण कशाला जेवायचं?"

यजमान पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "आई, कॉलेजात चार वर्षं ही तिच्या डब्यातलं खातच होती. एक जेवण आणखी."

मी गेले.

त्या पहिल्या नवमीला माईंनी मला दारातच थांबवलं. चित्राला शेजारी पाठवलं होतं. माई म्हणाल्या, "मंदा, तू आलीस, मला फार बरं वाटलं. पण एक ऐक. चित्राची आई शीलाच. तू तिची लांबची मावशी. सुमेधाचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. मी सावत्र आईच्या हाताखाली वाढले गं. भाकरी वाढताना आई कुणाच्या पानात आधी वाढते, इकडे डोळा ठेवून मी जेवायची. त्या पोरीला तो शब्द कळायलाच नको. ज्याचं नावच माहीत नाही त्याचं दुःख कसलं?"

मी कबूल केलं. ते त्यांचं घर, त्यांची नात. आणि नाही म्हटलं असतं तर चित्रा मला पुन्हा दिसली नसती.

मग मी पानावर बसले. गोगट्यांकडे असा रिवाज होता की सवाष्णीने पान संपेपर्यंत बोलायचं नाही. हवंनको हाताने दाखवायचं. माईंनी माझ्यापुढे पाणी फिरवलं आणि हळूच म्हणाल्या, "सुमेधा, सावकाश जेव हो." आणि पानात उजवीकडे कारल्याची भाजी वाढली, चांगली मूठभर. "तिला फार आवडायचं," त्यांनी शीलाला सांगितलं. मला बोलता येत नव्हतं. मी कारलं खाल्लं, आधी.

पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. चित्रा मोठी होत होती. मला "मावशी आली" म्हणून दारातच बिलगायची. तिचं कपाळ सुमेधाचं होतं, आणि हातही. पेन्सिल दिली की डाव्या हातात धरायची. माई तिच्या डाव्या मनगटाला फडकं बांधून ठेवत, म्हणजे हात पुढे आला की आठवण व्हावी. शाळेतही बाई पट्टी मारत.

शीला पहिल्यांदा माझ्याशी बिचकून असे. मलाही तिच्याशी काय बोलावं कळत नसे. १९५७ च्या नवमीला निघताना ती मला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मंदाताई, एक विचारू? मी दर वर्षी तिच्यासाठी रांधते. सोवळ्यात, उपाशीपोटी. आणि ती उंच होती का बुटकी, तेही मला ठाऊक नाही. यांना विचारलं तर म्हणतात, जाऊ दे."

"उंच होती. तुझ्याहून बोटभर."

"रागीट होती?"

"नाही. पण समोरच्याची फिरकी घ्यायची."

"मग ती असती तर बरं झालं असतं," शीला म्हणाली. "या घरात कुणी हसवणारं नाही." आणि परत वळली.

आता १९५८ ची नवमी. शीलाला सातवा महिना होता. तिला वाकून वाढणं जड जात होतं. चित्राने सकाळपासून हट्ट धरला होता, "मावशीला मी वाढणार." माई शेवटी म्हणाल्या, "बरं, मीठ आणि चटणी तेवढी तू वाढ. पण उजव्या हाताने." नवमीच्या सोवळ्यात नको म्हणून मनगटाचं फडकं त्यांनी सकाळीच सोडलं होतं. मी पानावर बसले. श्रीपादराव सोवळं नेसून दाराशी उभे होते. शीला चुलीशी होती.

जेवण अर्ध्यावर आलं, मी मिठासाठी खूण केली आणि चित्रा मिठाची वाटी घेऊन आली. वाटी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताने चिमूट सोडली.

माईंनी तिच्या हातावर फटका मारला. वाटी पडली, मीठ पाटापर्यंत सांडलं. "श्राद्धाच्या पानावर डावा हात! किती वेळा सांगायचं गं तुला? कुठून आणलास हा हात?"

चित्रा रडली नाही. हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "वर्गात पण कुणाचा असा नाही. बाबांचा नाही, तुझा नाही, आईचा पण नाही. देवाने माझाच उलटा लावला."

स्वयंपाकघरात चार मोठी माणसं होती आणि तो हात कुठून आला हे चौघांनाही माहीत होतं. शीलालाही, तिला ते कुणी सांगितलं मला ठाऊक नाही, बहुधा तिने ओळखलं असावं. श्रीपादराव फरशीकडे बघत होते. माझं पान अर्धं राहिलेलं.

शीलाने पळी खाली ठेवली. "उलटा नाही गं लावलेला. तो तुझ्या आईचा आहे."

"तुझा?"

"माझा नाही. तुझ्या पहिल्या आईचा. तिच्यासाठीच हे पान मांडलंय."

"शीला!" माई म्हणाल्या. "आज दिवस काय आहे कळतंय का?"

"कळतंय माई. वर्षातून हा एकच दिवस आहे तिचा. एरवी या घरात तिचं नाव काढायची चोरी." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि खरं सांगू? मला भीती वाटते. दोन महिन्यांनी माझं काही बरंवाईट झालं, तर पुन्हा बिऱ्हाड बदलेल, तिसरी येईल, आणि माझ्या पोराला मी कोण होते ते कुणी सांगणार नाही."

"भलतंसलतं बोलू नकोस," श्रीपादराव म्हणाले.

"तुम्ही गप्पच राहा. चार वर्षं तेवढंच केलंत."

माई भिंतीशी पाटावर बसल्या. सांडलेलं मीठ गोळा करू लागल्या, बोटाने. मग म्हणाल्या, "न कळलेलं बरं, असं वाटलं मला. मी काय सोसलंय ते माझं मला माहीत."

"तुम्हाला त्रास झाला तो तुमची आई तशी वागली म्हणून," शीला म्हणाली. "कळलं म्हणून नव्हे. मी वागते का तशी?"

"नाही गं. तू कुठली वागतेस."

चित्रा इकडून तिकडे बघत होती. एवढ्या बोलण्यातलं तिला किती समजलं कोण जाणे. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, तू तिला ओळखायचीस?"

मी माईंकडे पाहिलं. माईंनी पदराने तोंड पुसलं. "बोल," त्या म्हणाल्या. "पान राहू दे. तिला तुझ्याइतकं कोण ओळखतं आता?"

अर्ध्या पानावरून मी बोलू लागले. बाकाचं डावं टोक सांगितलं, आडवी वही सांगितली. चित्राने लगेच बोटाने जमिनीवर आडवं लिहून पाहिलं. रांगोळीचं उत्तर सांगितलं. हरिहरकाकांचं घोरणं सांगितलं, तेव्हा ती खुदकन हसली आणि म्हणाली, "बाबा पण घोरतात, मग बाबा काका आहेत?"

मग तिची नजर पानातल्या, माईंनी पुन्हा वाढलेल्या कारल्याकडे गेली. नवमीला घरात सगळ्यांनीच कारलं खायचं असा माईंचा नियम होता आणि तिला ते आवडत नव्हतं. "ती कारलं खायची?" तिने विचारलं.

"खायची."

"आवडायचं तिला?"

आता काय सांगावं? माई समोरच होत्या. पण त्या मुलीला तिच्या आईबद्दल मिळणारी ही पहिलीच माहिती होती. ती खोटी असून चालणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मुळीच आवडायचं नाही."

"काय म्हणालीस?" माई म्हणाल्या.

मी पहिल्या जेवणाची सगळी हकिकत सांगितली. माई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे इथे होती तितके दिवस खाल्लं?"

"हो माई."

"आणि मी वर तिच्या श्राद्धालाही…"

आधी शीला हसली. पोटावर हात धरून, चुलीकडे तोंड फिरवून हसली. मग माईंनाही हसू आलं, पदर तोंडात धरूनसुद्धा थांबेना, आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले. "लबाड कार्टी," त्या म्हणाल्या. "एका शब्दाने बोलली नाही."

दाराशी श्रीपादराव घसा खाकरून म्हणाले, "मला माहीत होतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मला सांगितलं होतं तिने. आईला सांगू नका म्हणाली होती."

"म्हणून आजवर सांगितलं नाहीस?" माई म्हणाल्या. "अरे, तू माणूस आहेस का धोंडा?"

त्या दिवशी सवाष्णीचं पान अर्धवट राहिलं. माईंनी त्याचं प्रायश्चित्त वगैरे काही केल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी मी निघाले तेव्हा चित्रा विचारत होती, आई तिला काय म्हणून हाक मारायची? "चिऊ" म्हणायची, असं माईंनीच सांगितलं. ते मलाही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात श्रीपादराव शाळेत गेले आणि बाईंशी बोलले. काय बोलले असतील, देव जाणे, पण पट्टी थांबली.

शीला सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. त्याचं नाव सहदेव ठेवलं. तो इंजिनियर होऊन बडोद्याला गेला, तिकडचाच झाला.

माई १९६६ साली गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या चित्राला सुमेधा म्हणून हाक मारत आणि चित्रा ओ देत असे. हरिहरकाकांनी नागपूरला घर केलं होतं. चित्रा दोन उन्हाळे त्यांच्याकडे राहून आली. १९७१ साली ते गेले.

चित्रा एका बँकेत लागली. लग्न होऊन डोंबिवलीत आली, आमची जुनी आळी होती तिथून जवळच. तिथे आता आळी नाही, चार मजल्यांच्या इमारती आहेत. १९७९ साली माझे यजमान गेले, तेव्हा मला नवमीला बसता येईना. मी तसं कळवलं. शीलाने उलट निरोप पाठवला की बसायचं नसलं तरी जेवायला यायचंच, आणि पानावर त्या वर्षीपासून चित्रा बसली, आईच्या जागी. श्रीपादराव १९८३ साली गेले. नवरा गेल्यावर अविधवा नवमी करत नाहीत, तेव्हा ती तिथेच संपली.

शीला त्यांच्यानंतर सोळा वर्षं होती. शेवटची सहा ती चित्राकडेच राहिली. तिचं श्राद्ध तिच्या तिथीला सहदेव करतो.

मी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. कल्याणलाच असते, धाकट्या मुलाकडे. चित्रा अधूनमधून रविवारी येते, नातीला घेऊन. पूर्वी ती मला सुमेधाबद्दल विचारायची. आता तीच नातीला गोष्टी सांगते आणि मी ऐकते. परवा सांगत होती, तिची आई लहानपणी झाडावरून पडली, पण हातातली कैरी काही सोडली नाही. ती गोष्ट शीलाची आहे, चिपळूणची. सुमेधाला झाडावर चढता येत नव्हतं. मी तसं चित्राला म्हटलं.

"हो का मावशी?" ती म्हणाली. "असेल. पण आईचीच ना?"

मी हो म्हटलं.